जोडून सुट्ट्या आल्या की कोल्हापूरकरांनी कुठं जायचं?

मा. आयुक्त,
कोल्हापूर महानगरपालिका, यांस



शनिवार-रविवारला लागून सोमवारी प्रजासत्ताक दिन आला किंवा १ मे शुक्रवारी पडला, की त्या तीन दिवसांत आपल्या शहराचं काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. अंबाबाईच्या दर्शनाची रांग भवानी मंडपाकडे सरकू लागते. बिंदू चौकातला वाहनतळ सकाळीच भरतो. महाद्वार रोड, ताराबाई रोड इथं चालायलाही जागा उरत नाही. पन्हाळ्याच्या चढावर गाड्या अडकतात आणि मिसळीच्या दुकानांबाहेर मुंबई-पुण्याची माणसं नंबर लावून उभी असतात. वाहतूक कुठून वळवायची, जादा गाड्या कुठं लावायच्या, याचं नियोजन आधीपासून होतं, वर्तमानपत्रांत छापून येतं. ते झालंच पाहिजे. आलेला माणूस जेवून गेला पाहिजे ही या गावची रीत आहे. चप्पल लाइनीतल्या कारागिरापासून ओटीचं ताट विकणाऱ्या मावशींपर्यंत कितीतरी घरांची चूल या पाहुण्यांवर पेटते.

मला बोलायचंय ते घरच्या माणसांविषयी. त्या तीन दिवसांत कोल्हापूरकर काय करतात?

ज्यांच्या दारात चारचाकी आहे ते गगनबावड्याचा नाहीतर आंबोलीचा घाट उतरून कोकणात जातात. ज्यांच्या खिशाला झेपतं ते मॉलमध्ये किंवा मल्टिप्लेक्समध्ये जातात. उरलेले पुष्कळ जण घरात बसतात. म्हाताऱ्या माणसांना गर्दीत बाहेर पडायचा धीर होत नाही. आणि एक मोठा वर्ग असा आहे, ज्याला सुट्टीच नसते. रिक्षावाले, लॉजवरचे वेटर, हॉटेलांच्या मागच्या बाजूला भांडी घासणाऱ्या बायका, पोलीस, आपले स्वतःचे सफाई कामगार. जोडून आलेल्या सुट्ट्या म्हणजे यांच्या वर्षातले सगळ्यांत लांबलचक कामाचे दिवस. त्यांची मुलं लक्षतीर्थ वसाहतीत, राजेंद्रनगरात, सदर बाजारात, विचारे माळात दिवसभर गल्लीत असतात, आई-बाप रात्री उशिरा येतात. या मुलांसाठी त्या तीन दिवसांत शहरात काय आहे, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला आपल्याकडे चौकाचौकात जिलेबीचे स्टॉल लागतात. बाहेरच्यांना याचं नवल वाटतं, आपल्याला नाही. सकाळी झेंडावंदन करायचं आणि घरी जाताना किलो-अर्धा किलो जिलेबी न्यायची, ही कोल्हापूरची राष्ट्रीय सण साजरा करायची पद्धत. आमच्या गल्लीच्या तोंडावर त्या दिवशी मी मुद्दाम थोडा वेळ उभा राहतो. पहाटेच कढया चढलेल्या असतात, पाकाचा वास गल्लीभर पसरलेला असतो. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेली, छातीवर कागदी झेंडा टाचलेली पोरं शाळेतून परत येतात, कागदाच्या पुड्यातून गरम जिलेबी काढून खातात, पाक शर्टाच्या बाहीला पुसतात. तासभर सगळी गल्ली जागी असते. मग दहा वाजतात. कढया उतरतात. मोठी माणसं आत जाऊन टीव्ही लावतात. तीच पोरं तोच पांढरा शर्ट घालून दुकानाच्या बंद शटरपाशी पायरीवर बसतात, एका मोबाइलभोवती पाच-सहा डोकी. दुपार होते, संध्याकाळ होते, पोरं तिथंच. देशाच्या सगळ्यांत मोठ्या सणाचा दिवस सकाळी दहाला संपतो आणि पुढचे बारा तास त्यांना कुणीही बोलावत नाही.

हे दृश्य कोल्हापुरात दिसावं याचा मला फार त्रास होतो. कारण सामान्य माणसाची करमणूक हे राज्यकर्त्याचं काम आहे, असं मानणारा राजा या शहराला लाभला होता.

१९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी शाहू महाराज विलायतेला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि असं मैदान आपल्या मल्लांना असावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. १९०७ साली खासबागेचं काम सुरू झालं, १९१२ साली मैदान पुरं झालं. मधोमध लाल मातीचा हौद, भोवती गोलाकार चढत गेलेली बैठक. शेवटच्या पायरीवर बसलेल्या गड्यालाही पट कसा काढला ते दिसावं, अशी ती रचना आहे. त्याला लागूनच महाराजांनी पॅलेस थिएटर बांधलं, १९१५ साली ते सुरू झालं. पुढे त्यालाच संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव मिळालं. कुस्तीचं मैदान आणि नाटकाचं थिएटर भिंतीला भिंत लावून, तेही पेठांच्या अगदी मधे, चालत येता येईल अशा जागी. गावाबाहेर मोकळी जमीन त्या काळी भरपूर होती. तरी महाराजांनी जागा निवडली ती अशी, की शिवाजी पेठेतला, मंगळवार पेठेतला माणूस जेवून, पान खाऊन, पायी येईल. मला यात त्यांच्या बाकीच्या कामाइतकाच मोठा विचार दिसतो.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर जमलेल्या गर्दीत नट होते, तंत्रज्ञ होते. पण ज्यांचा रंगमंचाशी कधी संबंध आला नाही अशीही माणसं डोळे पुसत होती. एकानं तिथं शाळेच्या गॅदरिंगमध्ये मावळ्याचं काम केलेलं, दुसऱ्याच्या आईनं तिथं पहिलं नाटक पाहिलेलं, तिसरा राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रयोगांना वर्षानुवर्षं मागच्या रांगेत बसलेला. शहरानं ती जागा मनानं आपली मानली होती. पुनर्बांधणीच्या खर्चाविषयी, छपराविषयी, ध्वनियोजनेविषयी आपल्याकडे जाणती माणसं आहेत, त्यात मी पडत नाही. माझं म्हणणं थिएटर पुन्हा उघडल्यावरच्या तारखांविषयी आहे. जोडून सुट्ट्या आल्या की व्यावसायिक नाटकांच्या कंपन्या तारखा मागणार, मागाव्यातही. त्यांनी आलंच पाहिजे. पण त्या तीन दिवसांतली एक सकाळ बालनाट्यासाठी आणि एक संध्याकाळ इथल्या हौशी संस्थांसाठी राखून ठेवा, भाडं नाममात्र ठेवा, आणि तिकीट असं ठेवा की रिक्षावाला बायको-पोरांसह चार खुर्च्या घेऊ शकेल. महापालिका शाळांतल्या मुलांनी आयुष्यात एकदा तरी तिसरी घंटा ऐकून पडदा उघडताना पाहावा, तो याच थिएटरात पाहावा.

खासबागेचंही तसंच. कुस्त्यांचं मोठं मैदान असतं तेव्हा तिथं मुंगीला शिरायला जागा नसते. एरवी त्या पायऱ्या रिकाम्या असतात. मातीच्या हौदाला धक्का लागू नये, तो मल्लांचाच राहावा, याबद्दल दुमत नाही. पण सुट्टीच्या संध्याकाळी त्या पायऱ्यांवर माणसं बसवून मर्दानी खेळ दाखवायला काय हरकत आहे? लाठी, पट्टा, फरी-गदगा शिकवणारे वस्ताद आणि त्यांचे आखाडे कोल्हापुरात अजून टिकून आहेत. त्यात मुली आहेत, शाळकरी मुलं आहेत. बहुतेक वेळा आपण त्यांना मिरवणुकीतच पाहतो, तेही ढकलाढकलीत, माणसांच्या खांद्यांवरून. पायरीवर निवांत बसून, कोणता हात कसा फिरतो ते समजून घेत पाहण्याची संधी आपल्या पोरांना मिळत नाही. पोवाड्याचं, हलगीच्या जुगलबंदीचंही हेच आहे.

एक गैरसमज आधी दूर करायला हवा. मी महापालिकेकडे महोत्सव मागत नाही. महोत्सव म्हटलं की एखाद्या इव्हेंट कंपनीला काम जातं, भलामोठा स्टेज उभा राहतो, मालिकेतला कुणीतरी पाहुणा येतो, पुढच्या रांगा पासवाल्यांच्या, मागच्यांना पडद्यावर चेहरे दिसतात आणि रात्रभर डॉल्बी घुमते. तीन दिवसांचा खर्च होतो आणि मंगळवारी मैदानात प्लास्टिकच्या बाटल्या उरतात. कोल्हापूरला याची गरज नाही. इथल्या माणसांनी स्वतःची करमणूक स्वतः उभी करायची विद्या कधीच सोडलेली नाही.

आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेला मंगळवार-शुक्रवारी गल्लीगल्लीतून बायका नव्या पाण्याचे कलश डोक्यावर घेऊन टेंबलाईच्या टेकडीकडे निघतात. पुढं पी-ढबाक वाजत असतं, मागं सगळी गल्ली. परत आल्यावर जेवण. वर्गणी गल्लीची, आचारी गल्लीचा, वाढपी गल्लीचे. माघ पौर्णिमेनंतरच्या रविवारी जोतिबाचे खेटे सुरू होतात. भल्या पहाटे अंधारात माणसं पंचगंगा ओलांडून वडणगे, निगवे, कुशिरे करत डोंगर चढतात. पाच रविवार हे चालतं. त्यात भक्ती आहे आणि सोबतीनं चालण्याचा आनंदही आहे. आठवडाभर लेथ मशिनपुढे उभा असलेला माणूस रविवारी पहाटे चारला उठून डोंगर चढायला निघतो, कारण त्याच्या बरोबर त्याची गल्ली चालत असते.

फुटबॉलचं तर काय सांगावं! पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी, हे इथले संघ. सीझन सुरू झाला की दुपारी शाहू स्टेडियमकडे जाणाऱ्या पोरांच्या अंगावर पेठेचा रंग असतो. देशाच्या पुष्कळ शहरांत फुटबॉल म्हणजे टीव्हीवरची युरोपातली मॅच. आपल्याकडे तो तालमीचा खेळ आहे. ज्या इमारतीत खाली कुस्तीचा हौद असतो, तिथलीच पोरं संध्याकाळी बॉल मारतात. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. कधीकधी गॅलरीत हाणामारी होते हे खरं, आणि ते वाईटच. पण त्यावरून या खेळाला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा गल्लीत येऊन पाहावं, पेठेचा संघ जिंकल्यावर म्हातारी माणसंसुद्धा दारात येऊन उभी राहतात.

आणि टाउन हॉलची बाग. ‘रंगबहार’ संस्थेची ‘मैफल रंगसुरांची’ तिथं हिवाळ्यात भरते. मी दर वेळी लवकर जातो. झाडांखाली चित्रकार आपापली जागा धरून बसलेले असतात, कुणी जलरंगात, कुणी समोर माणूस बसवून व्यक्तिचित्र करत. शिल्पकार शाडूच्या गोळ्यातून चेहरा काढत असतो. बाजूला गाणं चाललेलं. माणसं या झाडाखालून त्या झाडाखाली जातात. मागं एकदा भाजीची पिशवी हातात घेतलेल्या एक बाई एका चित्रकाराच्या मागं बराच वेळ उभ्या होत्या. कागदावर आधी नुसते राखी डाग होते, मग त्यातून झाडाचा बुंधा आला, बुंध्यावर ऊन आलं. चित्रकारानं कागदाचा थोडासाच भाग पांढरा ठेवला होता, तेच ऊन. बाईंनी शेजारच्या अनोळखी मुलीला हळूच सांगितलं, "बघ, उन्हाला रंगच लावला नाही त्यांनी." चित्रकलेचा याहून चांगला तास कुठल्या शाळेत होईल? तिकीट नाही, पास नाही, निवेदक नाही. बाबूराव पेंटरांच्या गावात हे व्हावं यात आश्चर्य नाही. ते वर्षातून एकदाच होतं, याचं मात्र वाईट वाटतं.

‘चिल्लर पार्टी’ या विद्यार्थी चित्रपट चळवळीचं काम आपल्याला ठाऊक असेल. शाहू स्मारक भवनात ही मंडळी मुलांना जगभरातले चांगले बालचित्रपट मोफत दाखवतात, महापालिका शाळांतल्या मुलांना आवर्जून बोलावतात. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभारणाऱ्या, प्रभात कंपनीला जन्म देणाऱ्या या शहरात सिनेमा दाखवायला पुढं येणारी माणसं आहेत. त्यांना पडदा, अंधार आणि बसायला जागा एवढंच हवं असतं.

या सगळ्या गोष्टी माणसांनी आपापल्या जिवावर चालवल्या आहेत. त्यांना अडतं ते जागेपाशी आणि परवानगीपाशी. तिथं महापालिकेचं काम सुरू होतं.

जागा आपल्याकडे आहेत. सगळ्यांत आधी शाळा. जरगनगरच्या लक्ष्मीबाई जरग विद्यामंदिरात प्रवेश मिळावा म्हणून पालक रांगा लावतात, महापालिकेच्या शाळेसाठी रांगा लागतात, हे साऱ्या महाराष्ट्राला सांगण्यासारखं आहे. शहराच्या जवळपास प्रत्येक वस्तीत आपली अशी एखादी शाळा आहे, तिला थोडंफार आवार आहे, पाण्याची टाकी आहे, स्वच्छतागृह आहे. सुट्टीच्या दिवशी तिला कुलूप असतं. ज्या दिवशी पोरांना जागा लागते, नेमक्या त्याच दिवशी पोरांची जागा बंद. सुट्टीच्या दिवशी दुपारी चार ते रात्री नऊ ही आवारं उघडी ठेवा.

यावर काय म्हटलं जाईल ते मला माहीत आहे. काचा फुटतील, संध्याकाळी नको ती पोरं येऊन बसतील, शिपायानं किती थांबायचं? या शंका खऱ्या आहेत आणि त्या मुख्याध्यापकांवर ढकलणं बरोबर नाही. म्हणून शाळा ज्या भागात आहे तिथली तालीम, तरुण मंडळ किंवा महिला बचत गट यांच्याकडे त्या दिवसापुरती लेखी जबाबदारी द्यावी. नुकसान झालं तर भरपाई त्यांची. थांबणाऱ्या शिपायाला त्या वेळेचा मोबदला महापालिकेनं द्यावा, तो त्याचा हक्क आहे. बचत गटांना आवारात खाण्याचे चार गाडे लावू द्यावेत, त्यातून त्यांचे दोन पैसे होतील. गणपतीचं मंडप-मिरवणुकीचं केवढं मोठं काम आपल्याकडची मंडळं अंगावर घेतात. शाळेच्या अंगणाची एक संध्याकाळ त्यांना जड नाही.

तिथं काय करायचं हे वस्तीला ठरवू द्या. आपल्याकडे गणेशोत्सवात मंडळं सजीव देखावे करतात. गल्लीतलीच पोरं शिवाजी महाराज होतात, अफजलखान होतात, शेजारच्या काकू जिजाऊ होतात. महिना-दोन महिने रात्री तालमी चालतात, संवाद ध्वनिमुद्रित होतात, भाड्यानं कपडे येतात, आणि दहा दिवसांत सगळं आवरलं जातं. तोच देखावा २६ जानेवारीला दुसऱ्या वस्तीतल्या शाळेच्या अंगणात झाला तर? राजारामपुरीतल्या मंडळाचा देखावा कसबा बावड्यात, बावड्यातला लक्षतीर्थला. गल्लीतल्या नटाला दुसऱ्या गल्लीतला प्रेक्षक मिळेल. भजनी मंडळं आहेत, सोंगी भजनवाले आहेत, शाळांतली लेझीम पथकं आहेत. एखाद्या वस्तीला नुसतं रस्सीखेच आणि लिंबू-चमचा करायचं असेल तर तेही होऊ द्या.

शाळांनंतर रस्ता. पुणे महापालिका २०२१ पासून दर वर्षी ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन पाळते. त्या दिवशी गाड्या बंद, आणि ज्या रस्त्यावर एरवी जीव मुठीत धरून चालायचं तिथं मुलं खेळतात, म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसतात. आपण खासबाग आणि नाट्यगृहासमोरचा रस्ता सुट्टीच्या एका संध्याकाळी तीन-चार तास तसा मोकळा करून पाहावा. खाऊगल्ली तिथंच आहे, माणसं आपोआप येतील. अंबाबाईला आलेले पाहुणेही चार पावलं चालत येऊन बसतील. त्यांना कोल्हापूर मंदिर, मिसळ आणि चप्पल यांच्या पलीकडे दिसेल.

गांधी मैदानाविषयी मी फार लिहीत नाही, पुष्कळांनी लिहिलं आहे. मुळात तिथं वरुणतीर्थ हे तळं होतं आणि पावसाळ्यात ते मैदान आपलं मूळ रूप दाखवतं. त्या पाण्याचा निचरा झाला तर शिवाजी पेठेला दुसरं काही मागायला लागणार नाही. शाहू मिलची जागा आपल्या हातात नाही हेही मला कळतं. पण २०२२ साली महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या कृतज्ञता पर्वात मिलचे दरवाजे उघडले, तेव्हा आपल्या आजोबांनी जिथं पाळी केली ते खातं बघायला माणसं पोराबाळांना घेऊन आली होती. राज्य शासनाकडे आपण शब्द टाकला तर वर्षातून काही दिवस तरी तो दरवाजा उघडेल.

बायकांसाठी मला वेगळं लिहावं लागतं आहे. फुटबॉल पुरुषांचा, तालीम पुरुषांची, चौकातला कट्टाही पुरुषांचाच. यात्रेत डोक्यावर कलश घेऊन चालणाऱ्या बाईला नुसतं बसून काही पाहायची जागा या शहरात थोडीच आहे. कार्यक्रमाच्या जागी उजेड नसेल, स्वच्छतागृहाला कुलूप असेल आणि रात्री नवाला परतीची केएमटी बस नसेल, तर ती येणार नाही आणि तिच्याबरोबर मुलीही येणार नाहीत. मग पुन्हा तेच पुरुषांचं मैदान. नवरात्रात नवदुर्गा दर्शनासाठी केएमटी खास गाड्या सोडते, त्या भरून जातात, कारण बायकांना त्यात सुरक्षित वाटतं. तशाच दोन-तीन फेऱ्या सुट्टीच्या संध्याकाळी उपनगरांतून ठेवाव्यात.

आणि ज्यांना सुट्टीच नसते, त्यांचं काय? पाहुणे सोमवारी रात्री परततात. मंगळवारी लॉज रिकामे होतात, रिक्षा स्टँडवर गाड्या उभ्या राहतात. तीन दिवस राबलेल्या माणसांची सुट्टी खऱ्या अर्थानं त्या संध्याकाळी असते. तेव्हा एक कार्यक्रम मंगळवारी संध्याकाळी ठेवा, तोही त्यांच्या वस्तीत. मला वाटतं, या सगळ्या पत्रातली कुठली एकच गोष्ट ऐकायची असेल तर ही ऐका.

आवाजाचं बंधन आम्हाला मान्य आहे, किंबहुना हवं आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा नियम सणासुदीच्या ठरावीक दिवशीच शिथिल होतो. आमच्या कार्यक्रमांना ती सवलतही नको. हलगीला आणि शाहिराच्या गळ्याला डॉल्बी लागत नाही. शेजारी आजारी माणूस झोपलाय याची जाण गल्लीतल्या माणसाला असते, कारण तो आजारी माणूस त्याच्या ओळखीचा असतो.

परवानगीचं तेवढं सोपं करा. आज एखाद्या लहान मंडळाला छोटा मांडव घालून दोन तासांचा कार्यक्रम करायचा तर मांडवासाठी एकीकडे, ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांकडे, विजेच्या तात्पुरत्या जोडणीसाठी तिसरीकडे जावं लागतं. मोठ्या मंडळाकडे हे करणारी माणसं असतात. बचत गटातल्या बाईकडे किंवा कॉलेजातल्या पोराकडे नसतात. आपली चार विभागीय कार्यालयं आहेत: गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट. प्रत्येक ठिकाणी एक टेबल असं ठेवा, जिथं एकच अर्ज द्यायचा आणि पुढची धावपळ महापालिकेनं करायची. ज्या कार्यक्रमाला तिकीट नाही, प्रायोजकाची कमान नाही आणि पुढाऱ्याचं भाषण नाही, त्याला शुल्क माफ.

पुढच्या वर्षीच्या सार्वजनिक सुट्ट्यांची यादी राज्य शासन आधीच जाहीर करतं. ती हाती आली की ज्या ज्या सुट्ट्या शनिवार-रविवारला जोडून येतात त्यांच्यापुढे एकेका विभागाचं नाव लिहा आणि तो तक्ता त्या विभागाच्या कार्यालयाबाहेर, शाळांच्या फाटकावर, तालमींच्या फलकावर लावा. आधी कळलं तर तालमी करायला वेळ मिळेल. पहिला प्रयोग कुठं करायचा असा प्रश्न असेल तर मंगळवार पेठेतल्या तालमी, मंडळं आणि बचत गट यांच्याशी बोलायचं काम मी अंगावर घेतो. अर्ज, हमीपत्र, कार्यक्रमाचा कच्चा आराखडा, सफाईसाठी थांबणाऱ्यांची नावं, हे सगळं घेऊन आम्ही गांधी मैदान विभागीय कार्यालयात येऊ. आपण आम्हाला भेटीची वेळ द्यावी, आणि त्या भेटीला शिक्षण विभागाचे, केएमटीचे आणि उद्यान खात्याचे अधिकारी बरोबर असावेत, एवढी विनंती आहे.

आपला,
मंगळवार पेठेतला एक रहिवासी